तुपातलं पान

यंदा एका मंगळवारी आमच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी शेवग्याच्या पाल्याची अँटिऑक्सिडंट क्षमता, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी नासधूस रोखायची ताकद, मोजली. उत्तर आलं उणे नऊ टक्के.

उणे नऊ! म्हणजे जगात ज्याच्या कॅप्सूल विकल्या जातात तो शेवगा आमच्या प्रयोगशाळेत उलटा चालला होता. गटातली मुलगी वही घेऊन माझ्यासमोर उभी, चेहरा पडलेला. "मॅडम, शून्य लिहू का?" मी म्हटलं, "शून्य कशाला लिहितेस, जे आलं ते लिही. आणि आता का आलं ते शोधू."

आमचं कॉलेज लहान आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो आणि दरवर्षी निम्मे गट एकच विषय घेऊन येतात: अमुक वनस्पतीच्या पानांचा अर्क आणि त्याची अँटिऑक्सिडंट क्षमता. कारण सोपं आहे. पाला फुकट मिळतो, प्रयोग एका दुपारी होतो आणि रंग डोळ्यांसमोर बदलतो. यंदा चार पानं होती. शेवगा, पेरू, कढीपत्ता आणि खाऊचं पान. शेवटचं माझ्या आग्रहावरून. त्याचं कारण पुढे येईल.

आधी ते उणे नऊ.

या प्रयोगात डीपीपीएच नावाचं एक रसायन वापरतात. फ्री रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा रेणू, म्हटलं की लोकांना काहीतरी क्षणात येऊन नासधूस करून जाणारं वाटतं. डीपीपीएच हे तसं रॅडिकलच, पण थंड डोक्याचं. बाटलीत भुकटी होऊन वर्षानुवर्षं फ्रीजमध्ये पडून राहतं. मिथेनॉलमध्ये विरघळवलं की गडद जांभळं पाणी होतं, पिकलेली जांभळं चुरडून धुतल्यासारखं. १०० मिलीला चार मिलिग्रॅमसुद्धा लागत नाही. त्यात पानाचा अर्क टाकायचा आणि अर्धा तास अंधारात ठेवायचा. अर्कातल्या फिनॉल नावाच्या संयुगांनी आपला हायड्रोजन देऊन टाकला की रॅडिकल शांत होतं आणि जांभळं पाणी पिवळं पडतं. जांभळा किती उतरला ते यंत्रात ५१७ नॅनोमीटरच्या उजेडाला मोजायचं. जितके टक्के उतरला तितकी पानाची क्षमता. मार्सडन ब्लॉइस यांनी १९५८ साली 'नेचर'मध्ये ही पद्धत मांडली. जेमतेम दोन पानांचा लेख, आणि त्यावर आज जगभरच्या पोरांचे प्रकल्प चालतात.

आमच्या नुसत्या डीपीपीएचचं यंत्रावरचं वाचन ०.७२ होतं आणि शेवग्याचा अर्क घातल्यावरचं ०.७८५. म्हणजे रंग उतरायच्या ऐवजी चढला होता. मी नळी खिडकीसमोर धरली. आत जांभळं नव्हतंच. शेवाळलेल्या हौदासारखं हिरवट तपकिरी पाणी होतं. पोरांनी अर्क इतका दाट केला होता की पानाचा स्वतःचा रंगच यंत्रात मोजला जात होता. यंत्राला काय कळतंय, जांभळं कुठलं आणि हिरवं कुठलं! त्याला एवढंच कळतं की उजेड अडला.

उपाय साधा आहे. तेवढाच अर्क डीपीपीएचशिवाय, नुसत्या मिथेनॉलमध्ये घालून त्याचं वाचन घ्यायचं आणि वजा करायचं. ते आलं ०.५५. वजाबाकी केल्यावर उणे नऊचे अधिक सदुसष्ट झाले. मुलीचा चेहरा उजळला. मला मात्र वाईट वाटलं, कारण ते उणे नऊ मला जास्त आवडलं होतं. सदुसष्ट टक्के कुणालाही येतात. उणे नऊ आले की माणूस नळी उचलून उजेडात बघतो.

दुसऱ्या गटाची तऱ्हा वेगळी. त्यांचं डीपीपीएच आपोआपच फिकं पडत होतं, त्यात काहीही न घालता. दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा कळलं, फ्लास्क दुपारभर पश्चिमेच्या खिडकीत उघडा होता. उन्हाने रंग खाल्ला. आता सगळे फ्लास्क पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळलेले असतात आणि प्रयोगशाळा मधल्या सुट्टीतल्या डब्यांसारखी दिसते.

अर्क काढण्याचं काम कुणी लिहीत नाही, पण सगळा खेळ तिथेच असतो. पाला सावलीत वाळवायचा असतो. एका गटाने गच्चीवर उन्हात पसरला, कारण "मॅडम, लवकर वाळतो." वाळला, आणि गवतासारखा फिका झाला. सावलीतला हिरवा राहिला. मग मिक्सर. हॉस्टेलच्या एका पोराने स्वतःचा मिक्सर आणला आणि पुढे महिनाभर त्याच्या चटणीला पेरूच्या पानाचा वास येत होता म्हणे. भुकटी मिथेनॉलमध्ये रात्रभर भिजवायची, गाळायची, वॉटर बाथवर आटवायची. शेवटी तळाशी काकवीसारखा चिकट, जवळजवळ काळा गोळा उरतो. पन्नास ग्रॅम भुकटीतून बोटाच्या पेराएवढा. बी.एस्सी.च्या पोरांनी इतक्या कष्टाने काढलेली वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच काढलेली असते, त्यामुळे तिच्यात काहीतरी दिव्य असणार असं त्यांना वाटतं. माझंही तेच झालं होतं.

पण खरं सांगायचं तर कुठलंही हिरवं पान घ्या, उत्तर ठरलेलं आहे: अँटिऑक्सिडंट क्षमता आढळली. न आढळून सांगते कुणाला! पान दिवसभर उन्हात उभं असतं. प्रकाश पकडायचा, पाणी फोडायचं आणि ऑक्सिजन सोडायचा, हे सगळं एकाच पेशीत. त्या गडबडीत बेताल ऑक्सिजन तयार होणारच. त्याला आवरायची सोय पानाने स्वतःसाठी केलेली असते. शिवाय किडे आणि बुरशी यांना तोंड द्यायला फिनॉल लागतात ते वेगळेच. "या पानात अँटिऑक्सिडंट आहेत" हे वाक्य "या घराला दार आहे" इतकंच नवं. विचारायचं ते हे की दार कुठे उघडतं.

त्यासाठी आमच्या गावच्या स्वयंपाकघरात जावं लागेल.

मी मिरज तालुक्यातली. आरग, बेडगच्या बाजूला पानमळे आहेत. आमचाही होता, वीस गुंठ्यांचा. शेवरी आणि हादग्याच्या सावलीत वेल चढवलेले, आत शिरलं की भर मे महिन्यात अंगावर गारवा यायचा. वर्षातून एकदा वेलाची उतरण असायची. वर गेलेला वेल खाली घेऊन मातीत पुरायचा, की तो परत नव्या जोमाने चढतो. मर, म्हणजे वेल सुकवणारा रोग, लागली की मात्र अख्खा मळा बसायचा. फिनॉलाने भरलेलं पान असून मर लागायची ती लागायचीच, हेही इथेच सांगून टाकते.

आजी दर आठ-दहा दिवसांनी लोणी कढवायची. पितळी पातेलं, मंद जाळ. लोणी वितळलं की आधी मोठमोठे बुडबुडे यायचे आणि फसफस आवाज. ते पाणी उडण्याचं. मग आवाज बारीक होत जायचा, बुडबुडे साबणाच्या फेसासारखे बारीक व्हायचे, तळाची बेरी तांबूस व्हायची. आजी पातेल्यात बघायची नाही, कान द्यायची. आवाज थांबत आला की पदराला पुसलेलं एक खाऊचं पान देठासकट सोडायची. चर्र! पान आखडून, कडा वळून, अर्ध्या मिनिटात काचेसारखं कडक. ते चिमट्याने काढून ताटलीत ठेवायची आणि आम्ही तीन भावंडं त्यावर तुटून पडायचो. तुपात तळलेलं पान, वर बेरी आणि चिमूटभर साखर. पान एक आणि तोंडं तीन, म्हणून भांडण ठरलेलं.

"पान कशाला घालतेस?" असं मी विचारलं होतं. आजी म्हणाली, "खवट होत न्हाई तूप. आणि वास बघ की." एवढंच.

एम.एस्सी.ला कोल्हापूरला होते तेव्हा लायब्ररीत एक जुना संदर्भ हाती आला. १९७९ साली पटेल आणि राजोरिया यांनी नेमकं हेच तपासलं होतं: तूप करताना कढीपत्ता आणि खाऊचं पान घातलं तर तूप टिकतं का. टिकतं. एक टक्का पान घालून कढवलेलं तूप बीएचए आणि बीएचटी या कारखान्यातल्या टिकाऊ रसायनांच्या तोडीचं निघालं होतं. लायब्ररीतल्या पंख्याखाली बसून मी ते दोनदा वाचलं आणि हॉस्टेलवर जाताना पोस्टातून घरी फोन लावला. आजीला म्हटलं, तुझं बरोबर होतं. आजी म्हणाली, "बरं. जेवलीस का?"

आता बरोबर का होतं, ते. तूप खवट होतं म्हणजे काय, हे मी वर्गात खो-खोवरून सांगते. तुपातल्या स्निग्धाम्लांची साखळी पाटीवरच्या खेळाडूंसारखी बसलेली असते. कुणीतरी एक बेचैन होतो, म्हणजे त्याचा हायड्रोजन गेलेला असतो. त्याला हवेतला ऑक्सिजन चिकटतो. हा आता शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो आणि निवांत बसतो, पण शेजारी उठून पळायला लागतो. खो! त्याने पुढच्याला, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. प्रत्येक खोमागे एक पेरॉक्साइड तयार होऊन पडतं. त्याला स्वतःला वास नसतो. पण ते फुटलं की त्यातून अल्डिहाइडं निघतात आणि डबा उघडल्यावर नाक मुरडायला लावतात ती तीच. फिनॉल म्हणजे असा गडी, की ज्याला खो दिला तरी तो उठतच नाही. हायड्रोजन देऊन टाकतो आणि गप्प बसतो. खेळ तिथे थांबतो.

खाऊच्या पानात असे गडी भरपूर. हायड्रॉक्सिचॅविकॉल नावाचा त्यातला म्होरक्या. त्याच्या कार्बनच्या कड्यावर दोन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) शेजारी शेजारी बसलेले असतात, म्हणून हायड्रोजन सोडायला तो फार तत्पर. जोडीला युजेनॉल, म्हणजे लवंगेतलं, आणि त्याचा जुळा भाऊ चॅविबेटॉल. पानाला तो जो तिखट, नाकात चढणारा वास असतो तो यांचाच. आणि हे सगळे तेलातुपात सहज उतरणारे. आजीचं पातेलं म्हणजे अर्क काढायची एक झकास पद्धतच होती. मिथेनॉलऐवजी तूप, वॉटर बाथऐवजी चूल, आणि शेवटी काहीही आटवायला नको. अर्क जिथे काम करायचा तिथेच उतरलेला.

म्हणून यंदा मी पोरांना म्हटलं, डीपीपीएच झालं असेल तर आता खरं बघू. एकाच घरचं लोणी आणलं, तीन वाटे केले. एक नुसतं, एकात कढीपत्ता, एकात खाऊचं पान. पहिल्या खेपेला फसलो. नुसतं तूप एका पोराने फिकं काढलं आणि पानाचं तूप लाल केलं. जास्त कढवलेलं तूप मुळातच जास्त टिकतं, त्यात बेरीचाही हात असतो. मग श्रेय पानाला द्यायचं का जाळाला? सगळं पोळीवर घालून संपवलं (हे अहवालात नाही) आणि नवं लोणी आणलं. यावेळी थर्मामीटर लावून तिन्ही ११५ अंशांना उतरवली.

मग तिन्ही बरण्या ६० अंशांच्या ओव्हनमध्ये. दर तिसऱ्या दिवशी पाच ग्रॅम तूप काढायचं, ॲसिटिक ॲसिड आणि क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं, पोटॅशियम आयोडाइड घालून एक मिनिट हलवायचं. तुपात जितकं पेरॉक्साइड, तितकं आयोडीन मोकळं होतं. त्यावर स्टार्च टाकला की शाईसारखा निळा आणि ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत तो निळा घालवायचा. जितके थेंब लागले तितकं तूप बिघडलेलं. पहिल्या आठवड्यात तिन्ही बरण्यांना सारखेच दोन-चार थेंब. पोरं कंटाळली. दुसऱ्या आठवड्यात नुसत्या तुपाच्या फ्लास्कमधला निळा जाता जाईना. पानाच्या तुपाला त्याच्या निम्म्याहून कमी थेंब लागले आणि कढीपत्त्याचं दोघांच्या मधे कुठेतरी. तिसऱ्या आठवड्यात आकड्यांची गरजच उरली नाही. प्रयोगशाळेत काम करणारे आमचे मामा दारातूनच म्हणाले, "मॅडम, ओव्हनमधी काय सडलंय?"

तीन बरण्या, एकच खेप. यावरून मी पेपर लिहिणार नाही. पण नळीतल्या सदुसष्ट टक्क्यांपेक्षा मामांचं नाक मला जास्त पटतं.

आता कॅप्सूलकडे यावं लागणार, कारण गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ घरी आला तो फराळापेक्षा मोठी पिशवी घेऊन. कुठल्याशा साखळी विक्रीत शिरलाय. "ताई, तू केमिस्ट्रीची, तुला लगेच समजेल," म्हणत त्याने डबी पुढे केली. आत पाल्याचा अर्क, एका कॅप्सूलची ताकद म्हणे टोपलीभर संत्र्यांची. पुरावा म्हणून डबीवर ओरॅक नावाचा चार आकडी स्कोअर.

मी म्हटलं, अरे, हा ओरॅकसुद्धा नळीतलाच आकडा. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा आकड्यांचा तक्ता एकेकाळी खुला ठेवला होता आणि २०१२ मध्ये तो स्वतःच काढून टाकला, कारण कंपन्या डब्यांवर तो छापायला लागल्या आणि त्या आकड्याचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नव्हता. नळीत अर्क आणि रॅडिकल समोरासमोर असतात. पोटात गेल्यावर आतड्यातले जंतू आणि यकृत त्याचं काय काय करतात. रक्तात पोचतो तो अगदी थोडा आणि तोही रूप बदललेला. रक्ताला स्वतःचे राखणदार आहेतच. ज्याला आपण सांधे दुखले की शिव्या घालतो ते युरिक ॲसिडसुद्धा त्यातलंच एक.

"पण नुकसान तर नाही ना?" त्याचा पुढचा प्रश्न. हा प्रश्न सगळेच विचारतात. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. गाजरातलं, पाल्याभाजीतलं ते बीटा कॅरोटीन. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. नळीतला गुणी बाळ शरीरात गेल्यावर कसा वागेल हे नळीला विचारून कळत नाही. आणि हे ऐकून कुणी शेवग्याची भाजी सोडू नये. भाजी म्हणून शेवगा उत्तमच आहे. मी आठवड्यातून एकदा करते, लसूण आणि मूगडाळ घालून. भाजी भाजीच्या प्रमाणात जाते, अर्क जात नाही.

खाऊच्या पानाबद्दलही एक सांगितलंच पाहिजे, नाहीतर आमच्या गावातले काका हा लेख दाखवत फिरतील. पान गुणी म्हणून विडा गुणी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला आणि तंबाखू नसलेल्या विड्यालाही माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातलंय. त्या संगतीत पानाचे फिनॉल काही वाचवायला येत नाहीत.

मावसभावाने डबी परत पिशवीत घातली. रागावला नसावा, कारण जाताना चकली मागून घेतली.

आमचा पानमळा आता नाही. विहिरीचं पाणी आटलं, माणसं मिळेनात, तिथे ऊस आहे. खाऊचं पान मी मिरजेच्या बाजारातून आणते. परवा रविवारी लोणी कढवलं. आता गॅस आहे, स्टीलचं पातेलं आहे, आणि हाताशी प्रयोगशाळेतून आणलेला थर्मामीटरही होता, पण मी तो लावला नाही. कान दिला. फसफस बारीक होत गेली, मग नुसती कुजबुज उरली, तेव्हा पान सोडलं. चर्र झालं तशी मुलगी आतून पळत आली आणि तिच्यामागे तिचे बाबा.

ताटलीत पान ठेवलं, वर बेरी, साखर. तिघांत एकच आणलं होतं.